काळी चारची पट्टी

आत्मकथन लिहायचं तुझं वय नाही, असं बाबांनी मला दोनदा ऐकवलं आहे. बावीस वर्षांच्या पोरीजवळ सांगण्यासारखं असून असून काय असणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांची अडचण वयाची नाही, मी जे लिहिणार आहे त्याची आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि मीही काही हौसेनं लिहायला बसलेली नाही, चिडून बसले आहे. गोंदियाला मी जिथे नोकरी करते त्या ऑफिसात गेल्या महिन्यात एक कार्यक्रम झाला आणि ‘महामारीत संगीतानं दिलेला आधार’ असा विषय काढून मला उभं केलं. बाप पेटीवाला, आई गाणारी, तेव्हा हिच्याजवळ एखादी गोड गोष्ट असणारच, असा सगळ्यांचा समज. मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. संगीतानं आधार दिला, यात खोटं काही नाही. पण आमच्या घरी त्या आधारात एक लबाडी होती. ती मी मोडली, आणि मोडली ते बरं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. टाळ्या वाजवायला बसलेल्या लोकांपुढे हे सांगता येत नाही.

बालाघाटला, सीमेपलीकडच्या हिंदी मुलखात, आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे टिनाचं शेड. शेडमध्ये बाबांचं काम चालतं. बाबा पेट्या लावतात, म्हणजे हार्मोनियमचे सूर जुळवून देतात. पेटीच्या आत ओळीनं पितळेच्या बारीक जिभा बसवलेल्या असतात. वरची पट्टी दाबली की भात्याची हवा त्या जिभेवरून जाते आणि सूर निघतो. सूर चढलेला असेल तर जिभेचं मूळ कानशीनं घासायचं, तो उतरतो. उतरलेला असेल तर टोक घासायचं, तो चढतो. विद्या एवढीच, पण ती कानात असावी लागते. लामता, परसवाडा, हट्टा, कुठकुठल्या भजन मंडळांच्या पेट्या आमच्याकडे यायच्या. पहिल्या टाळेबंदीत घरी बसल्या बसल्या सगळ्यांना माळ्यावरच्या पेट्या आठवल्या आणि सूट मिळाल्याबरोबर त्या आमच्या शेडमध्ये येऊन पडल्या. कुणाचा भाता उंदरानं खाल्लेला, कुणाच्या पट्ट्या चिंचेच्या दिवसांतल्या दातांसारख्या आंबलेल्या, एक दाबली की शेजारची खाली बसायची.

लोकांना वाटतं, अशा घरात दिवसभर गाणं असेल. आमच्या घरात दिवसभर एकच सूर असे. पें, मग कानशीचं खर्र, मग पुन्हा पें. एका जिभेवर बाबा अर्धा अर्धा तास घालवायचे. मी बारावीत होते. घरात धड चालणारा मोबाइल एकच, तो बाबांचा, आणि त्यावर माझे ऑनलाइन क्लास. सर रसायनशास्त्राचं काही सांगत असायचे, नेटवर्क तुटलं की त्यांचं तोंड उघडंच राहायचं, आणि मागून पें. मला नागपूरला जाऊन नर्सिंग शिकायचं होतं. त्या पेंमधून मी कधी सुटेन, याचे मी दिवस मोजत होते. आता शनिवारी गाडीनं घरी आले की मीच शेडमध्ये जाऊन बसते आणि तेच पें-खर्र करते, ही गोष्ट वेगळी. माणसाला ज्याचा कंटाळा येतो तेच हाताला लागून जातं.

आई आमच्या वॉर्डातल्या विहारात बायांना गाणी शिकवायची. पौर्णिमेला, जयंतीला, कुणाच्या घरी बारसं असलं की आईच्या मागे दहा-बारा बाया बसायच्या. तिची स्वतःची पेटी होती, बाबांनी लग्नानंतर तीन मोडक्या पेट्यांतून एक केलेली, आणि तिच्यावर आईची पट्टी काळी चार. पेटीच्या पट्ट्या आपल्याकडे रंगानं आणि क्रमानं मोजतात, काळी एक, पांढरी पाच अशा, आणि एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचं अंतर म्हणजे एक घर. ज्या पट्टीला गाणारा आपला सा धरतो ती त्याची पट्टी. काळी चार बाकीच्या बायांना उंच पडायची. शेजारच्या कुंदामावशी तर दर वेळी कुरकुर करायच्या. “सुमन, एखादं घर खाली घे ना वो. गळा फाटून राह्यला आमचा.” आई म्हणायची, “गळा नाई फाटत, रियाज कमी पडते तुमचा.” आणि पुन्हा काळी चार. खाली उतरणं तिला कमीपणाचं वाटायचं. इतकंच नाही, तिची तब्येतही ती त्याच पट्टीवर तपासायची. मी लहान असताना तिला टायफॉइड झाला होता. डॉक्टरांनी बरी झाली म्हणून सांगितलं तरी ती पंधरा दिवस स्वतःला आजारीच म्हणत होती. मग एका सकाळी पेटीजवळ बसली, काळी चार धरली, वरचा सा लागला, आणि म्हणाली, “आता झाली मी बरी.” त्याच दुपारी तिनं वाळवणाचे वडे घातले.

दुसऱ्या लाटेत ती पडली. आधी ताप, मग चव गेली, मग एका सकाळी पाणी भरताना गुंड, म्हणजे पितळेची घागर, खाली ठेवून ती नळाजवळच बसून राहिली. एका वसतिगृहाच्या इमारतीत कोविड केंद्र केलं होतं, तिथे तिला पलंग मिळाला आणि नाकात ऑक्सिजनची नळी लागली. आम्हाला गेटच्या आत जायची परवानगी नव्हती. मी आणि बाबा घरी राहिलो, आणि त्या घराचा मला किती संताप यायचा ते सांगता येत नाही. बाबांना स्वयंपाकातलं एकच येत होतं, चिन्नोरचा भात आणि लाखोळीची डाळ. चिन्नोर शिजताना साऱ्या गल्लीत वास जातो, पाहुणे आले की आई तो मुद्दाम शिजवायची; बाबांनी तो दोन्ही वेळा शिजवून शिजवून त्या वासाचीच मला शिसारी आणली. आईच्या डब्यातही तेच. मी भाकर टाकली तर ती कडेनं कच्ची राहायची. बाबा जेवायचे, हात धुवायचे आणि शेडमध्ये जाऊन पें सुरू करायचे.

भरती केल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. तिच्याजवळ कळांचा जुना मोबाइल होता. आवाज खोल गेलेला. बाबांनी जेवलीस का, झोपलीस का विचारलं. ती म्हणाली, “ते जाऊ द्या. मले पट्टी द्या.” बाबांनी तिची पेटी ओढली, फोन पेटीवर ठेवला आणि काळी चार दाबून भाता हलवत राहिले. पलीकडून आईनं सा धरला. बारीक, पण धरला. मग तिचं नेहमीचं एक गाणं, तिनंच विहारासाठी रचलेलं, वैनगंगेच्या काठी दिवे लावायला चला म्हणून. दोन ओळी झाल्या, दम लागला, थांबली. नंतर हसत हसत सांगायला लागली की सकाळी तिनं सिस्टरला म्हटलं होतं, “मेरे को घर से पट्टी लेना है,” तर ती पोरगी जखमेला बांधायची पांढरी पट्टी घेऊन आली. “कहां लगी है आंटी, दिखाओ.” आईनं गळ्यावर हात ठेवला तर सिस्टर घाबरली. परसवाड्याकडची ती मुलगी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मराठी तिला समजायची नाही, पण पट्टी हा शब्द तिनं असा उचलला की दोन दिवसांत साऱ्या वॉर्डात तो झाला. पाच वाजले की ती ओरडायची, “चलो, आंटी की पट्टी का टाइम हो गया.”

त्या वॉर्डात अकरा बाया होत्या. कुणी हट्ट्याची, कुणी शहरातली, कुणी थेट जंगलाकडच्या गावातली. आई मराठीत गायची, त्यातल्या अर्ध्या जणींना ते समजत नव्हतं. तरी त्या म्हणायला लागल्या. एकीनं धरायचं, दुसरीनं नळी सांभाळत ओढायचं, तिसरीनं पलंगाच्या दांडीवर ताल द्यायचा. फोनमधून आम्हाला सगळं ऐकू यायचं, मध्ये खोकला, मध्ये कुणाचं रडणं, आणि मग पुन्हा ती ओळ. सिस्टरनं मला एकदा सांगितलं की पाच वाजेपर्यंत काही जणी पाणीसुद्धा मागत नाहीत, पण गाणं झालं की जेवतात. हेच ते लोकांना ऐकायचं असतं. मी तेव्हाही ऐकत होते आणि मला रडू यायचं, आणि लगेच राग यायचा, कारण त्याच फोनवर नातेवाइकांचे निरोप येऊन पडलेले असायचे, संगीत हे सर्वांत मोठं औषध आहे, खाली फुलं आणि जोडलेले हात. औषध होतं तर मग नळी काहून लावली होती? मी ते निरोप पुसून टाकायची. शिवाय पाच ते सहा माझा जीवशास्त्राचा क्लास असायचा, तो रोज बुडत होता, आणि तो बुडतो आहे हे कुणापुढे बोलायचीही सोय नव्हती.

आठ-नऊ दिवस झाले असतील. बाबा डबा घेऊन केंद्राच्या गेटवर गेले होते, मोबाइल घरी होता आणि क्लास लागत नव्हता. चाक फिरतं आहे, फिरतं आहे, पुढे काही नाही. वैतागून मी मोबाइल आपटला आणि आईच्या पेटीवर बसून खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी धडाधड दाबत गेले, नुसता राग काढायला. पांढरी पाच दाबली आणि लगेच तिच्यावरची काळी चार, जी एक घर चढी वाजायला हवी. दोन्ही सारख्या वाजल्या. मला वाटलं माझं बोट चुकलं. पुन्हा दाबल्या. सारख्या नव्हत्याच; काळी चार पांढरी पाचपेक्षाही किंचित खाली होती. ज्या घरात दुसऱ्यांच्या पेट्यांतला केसभर फरक काढायला अर्धा तास घालवतात, त्या घरच्या पेटीत काळी पट्टी पांढरीच्या खाली. मी झाकण उघडलं. बाकी जिभा जुन्या, काळपट पडलेल्या, आणि काळी चारची जीभ मुळाशी ताज्या सोन्यासारखी चमकत होती. खाली वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पितळेची भुकटी.

बाबा आले तेव्हा मी झाकण उघडंच ठेवलं होतं. त्यांनी पाहिलं, चप्पल काढली, हात धुतले, आणि भिंतीला टेकून बसले.

“रोज केसभर उतरवतो,” ते म्हणाले. “एकदम एक घर उतरवलं असतं तर तिले लगेच समजलं असतं. थोडं थोडं नाई समजत.”

“पण काहून?”

“तिसऱ्या दिवशी तिचा वरचा सा नाई लागला. तू वहीत लिहून राह्यली होती. ती फोनवर चूप झाली. मंग म्हणे, ‘मी आता काई वाचत नाई वो, मायी पट्टी गेली.’ दोन वेळा म्हणे. दुसऱ्या दिवशी डबा तसाच वापस आला.” बाबांनी पेटीजवळची कानस उचलली. “मी डॉक्टर नाई, पोरी. मले हेच येते.”

डबा त्यानंतर रिकामा येत होता, हे खरंच होतं. आई रोज संध्याकाळी एक ओळ जास्त म्हणत होती, हेही खरं. तू बोलू नको, एवढंच बाबा म्हणाले आणि मी बोलले नाही. उलट पुढचे तीन दिवस बाबा भात शिजवत असले की मीच ती खोटी पट्टी दाबून बसायची. आई पलीकडून म्हणायची, “पाह्य प्रज्ञा, आज पूर्न अंतरा झाला,” आणि मी म्हणायची, “हौ आई, मस्त झाला.” माझ्या लबाडीचा भाग मी लपवत नाही. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की तेव्हा आम्हाला ते औषधच वाटत होतं.

मग तो दिवस आला. पाचच्या आधीच आईचा फोन. आवाज चांगला मोकळा. म्हणाली, “मी उद्या घरी येते. सिस्टरले म्हटलं कागद आन, माया मर्जीनं जाऊन राह्यली म्हणून सही करते.” बाबा म्हणाले, डॉक्टर काय म्हणतात? “डॉक्टर म्हणते अजून पाच-सहा दिवस. बोटाच्या मशीनचा आकडा वरखाली होते म्हणे. पण मले समजते ना मायं. काल आख्खं गाणं म्हटलं, काळी चारवर, दम नाई लागला. अन् इथं व्हरांड्यात एक बाई बसून हाय दोन दिवसांपासून. तिच्यासाठी पलंग नाई. मी बरी असून तिच्या पलंगावर कायले झोपून राहू? मी सांगतलं तिले, सकाळी भेटते तुले पलंग.”

मी बाबांकडे पाहिलं. फोन स्पीकरवर होता. मी हातानं खूण केली, सांगा. बाबांनी तोंड उघडलं. मग म्हणाले, “तुले वाटते तर बरीच असशील.”

त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बाबा वाईट माणूस नाहीत, आईवर त्यांचा जीव आहे, पण स्वतःची चूक कबूल करायच्या वेळी ते असे मऊ पडतात की समोरच्याला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. बायको नळी काढून घरी येणार, श्वास अडकला तर पुन्हा पलंग मिळेल याची खात्री नाही, आणि हे म्हणतात तुले वाटते तर. मी फोन उचलला आणि शेडमध्ये गेले. कोपऱ्यात लामत्याच्या भजन मंडळाची पेटी तयार होऊन पडली होती, टाळेबंदीमुळे न्यायला कुणी आलं नव्हतं. बाबांनीच लावलेली, एकेक सूर चोख.

“आई, पट्टी घे,” मी म्हटलं.

“आता? पाच वाजले नाई अजून.”

“घे तू.”

मी काळी चार दाबली. पलीकडे आईनं सा लावायला घेतला आणि थांबली.

“ही कोन्ती पेटी होय?”

“लामत्याची.”

“चढी लागून राह्यली.”

“चढी नाही आई. आपली उतरली आहे.”

“किती?”

“पांढरी पाचच्याही खाली. बाबा रोज घासत होते.”

मी भाता हलवत राहिले, कारण थांबवला असता तर फोन कट झाल्यासारखा वाटला असता. मग आईनं सा धरला, त्याच पट्टीला, खरा. खालचा लागला. पहिली ओळ झाली. अंतऱ्याला ती वर गेली आणि आवाज अर्ध्यात फाटला. तिनं पुन्हा धरला. पुन्हा फाटला, आणि मग खोकला सुरू झाला तो थांबेना. मागून बाया म्हणत होत्या, बैठो आंटी, बैठ जाओ. सिस्टरनं फोन घेतला. “क्या कर दिया आप लोगों ने? अभी तो ठीक थी.” मी सांगायला लागले, पट्टी, पेटी, आणि माझं हिंदी ऐन वेळी गेलं. खोकला बसल्यावर आईनं फोन मागून घेतला. एवढंच म्हणाली, “नाई करत मी सही.” आणि मग, “त्या बाईले सांगतलं होतं मी, सकाळी पलंग भेटते म्हणून.” आणि फोन ठेवला.

त्या बाईला तिच्या मुलानं त्याच संध्याकाळी गाडी करून गोंदियाकडे नेलं. पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. नाव आईला माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. लोक मला समजावतात की तुझ्या आईला खरंच ऑक्सिजनची गरज होती, तू बरोबर केलंस. हो, बरोबर केलं. मी एका बाईचा पलंग वाचवला आणि दुसरीचा जाऊ दिला, आणि या दोन्ही गोष्टी मी एकाच पट्टीवर बोट ठेवून केल्या. गोड गोष्ट सांगा म्हणणाऱ्यांना ही गोष्ट सांगितली की ते घड्याळ पाहतात.

दोन दिवस पाच वाजता फोन आला नाही. बाबा पेटीजवळ येऊन बसायचे आणि उठून जायचे. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, तेही माझ्याशी नव्हते, आणि दोघं तोच भात गिळत होतो. तिसऱ्या दिवशी सिस्टरच्या मोबाइलवरून फोन आला, पण बोलणारी हट्ट्याची एक बाई होती. म्हणाली, “बेटा, आंटी तो मुंह फेर के सोई है. हमको ही पट्टी दे दो, हम गा लेंगे.” मी विचारलं, कौनसी दूं? तर म्हणाली, “जो नीचे वाली हो. ऊपर वाली में तो जान जाती है.” मी लामत्याच्या पेटीवर पांढरी तीन दिली. त्या गायला लागल्या. आईचं गाणं, पण दिव्यांचा शब्द त्यांनी असा मोडला की वैनगंगेच्या काठी चक्क डबे लावायला निघाल्या. दोन वेळा डबे लावले. तिसऱ्या वेळी मागून आईचा आवाज आला, बसका, चिडका. “डबे नाई वो, दिवे. दी-वे.” गायली नाही. नुसता शब्द दुरुस्त केला. पण बाबा, जे इतका वेळ दारात उभे होते, ते तिथेच उंबऱ्यावर बसले आणि टॉवेलनं तोंड पुसायला लागले.

आई आणखी आठवड्यानं घरी आली, निम्मी होऊन. घरात शिरल्यावर ती माझ्याशी बोलली, कुंदामावशींशी दारातून बोलली, बाबांशी फक्त कामापुरतं. जेवायला वाढलं, पाणी तापलं, एवढंच. असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. एका दुपारी ती शेडमध्ये आली आणि बाबांसमोर स्टुलावर बसली. मी आत वाल सोलत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“मले चौथ्या दिवशीच वाटलं होतं का पेटी उतरली हाय,” ती म्हणाली. “पण मी म्हटलं, पेटी लावणारा मानूस हाय त्या बाजूनं. माया कान चुकत असन, तापानं. त्याचा कान नाई चुकत. मी माया कान खोटा ठरवला अन् तुमचा खरा धरला.”

बाबा म्हणाले, “तू जेवत नव्हती.”

“मंग सांगा ना, का जेव म्हणून. रागवा. पट्टी खोटी कायले देता?”

आई उठून गेल्यावर बाबांनी तिची पेटी उघडली आणि काळी चार पुन्हा जागेवर आणायला जिभेचं टोक घासायला बसले. मुळाशी ती आधीच कागदासारखी झाली होती. थोड्याच वेळात टिन्न असा बारीक आवाज आला, आणि बाबा ‘अरे’ म्हणाले. त्यानंतर कितीतरी महिने त्या पेटीवर काळी चार दाबली की नुसती हवा यायची. दुसऱ्यांच्या पेट्यांना सूर बसवून देणाऱ्या बाबांनी त्या पट्टीला हात लावला नाही. शेवटी मीच एका मोडीत काढलेल्या पेटीतली जीभ काढून तिथे बसवली, लावली, आणि अजूनही कुणी न नेलेल्या लामत्याच्या पेटीशी जुळवून पाहिली. मी लावलेला तो पहिला सूर. नागपूरचं नर्सिंग त्या वर्षी राहून गेलं ते राहूनच गेलं, त्याचाही राग माझ्याजवळ आहे, पण तो कुणावर काढायचा ते मला माहीत नाही.

विहार उघडल्यावर पहिल्या पौर्णिमेला बाया जमल्या. दोघी जणी आता नव्हत्या, त्यांच्या जागा सोडूनच सगळ्या बसल्या. पेटीवर मी, आई माझ्या उजव्या हाताला, बाबा मागे दाराशी उभे. कुंदामावशींनी सवयीनं पदर खोचला, काळी चारसाठी गळा तयार ठेवल्यासारखा. माझं बोटही आपोआप तिथेच गेलं होतं.

आईनं माझ्या बोटाकडे पाहिलं. म्हणाली, “पांढरी चार दे.”

इतकी वर्षं बाया जिच्याशी एका घरासाठी भांडल्या, ती आपणहून तीन घरं खाली आली होती, आणि एकीलाही हौ म्हणायचं सुचलं नाही. मी बोट सरकवलं.

“अन् खरी दे,” आई म्हणाली, माझ्याकडे न पाहता, मागे दाराकडे पाहून.

बाबा पुढे आले, माझ्याशेजारी खाली बसले आणि भाता त्यांनी हातात घेतला. मी पांढरी चार दाबली. आईनं एकदा नीट ऐकलं, मान हलवली आणि सा धरला.